भंतेजींसाठी काढलेला रस

आमचे हे, धोंडिबा, भारी सरळ माणूस. स्वतः खोटं बोलायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत. दारात पाहुणा आला आणि मी म्हटलं, 'बसा, आत्ताच चहा टाकणार होते,' तर हे लगेच म्हणणार, 'कुठं? तू तर झोपलेलीस.' अशा माणसाशी संसार केलाय मी. कोळसेवाडीतल्या आमच्या चाळीतली हातभट्टी यांनीच बंद पाडली. भट्टीवाला काळुराम तेव्हापासून रिक्षा चालवतो आणि यांना दबकून असतो.

आमचा मुलगा आनंद नाशिककडं कामाला. द्राक्षरसाचा कारखाना आहे, असं त्यानं घरी सांगितलेलं. सत्त्याण्णव साली बुद्धपौर्णिमेला आला, तेव्हा येताना एक बाटली घेऊन आला आणि गुपचूप कपाटात गोधड्यांमागं ठेवली. माझ्या नजरेतून काय सुटतंय? विचारलं, तर त्याचा चेहराच फुलला. "आई, काळी द्राक्षं वेलीवरच ठेवायची, पार सुरकुतेपर्यंत. रस थोडाच निघतो, पण मधासारखा गोड. ही पहिलीच बाटली, माझ्या हातची. बाबांना मीच दाखवीन." मला वाटलं, पोराला कौतुक आहे, दाखवू दे.

पौर्णिमेला दुपारी विहारातले भंतेजी घरी आले. अख्खी चाळ आमच्या खोलीत. भंतेजी बारानंतर घास घेत नाहीत, गाळलेला फळांचा रस तेवढा चालतो. आनंदला लिंबं आणायला पाठवलं, तर तो तिकडचाच झाला. एवढ्या उन्हातून आलेल्या भंतेजींना कोरडं कसं बसवायचं? मला ती बाटली आठवली. बूच निघेना, म्हणून सुरीनं आत ढकललं. दारू म्हटली की मला भट्टीचा भपका ठाऊक. याला तर मनुकांचा वास. चाखून बघावं, तर दान उष्टं होतं. पेला भरला आणि दोन्ही हातांनी भंतेजींपुढं धरला.

त्यांनी पेला उचलला आणि आनंद दारात आला.

"भंतेजी, नका घेऊ," एवढंच म्हणाला आणि मान खाली घातली.

का, म्हणून सगळ्यांनी विचारलं. काळुराम पुढं झाला, पेला हातात घेऊन वास घेतला. त्याला कोण फसवणार?

"धोंडिबादादा, ही दारू आहे," तो म्हणाला. अगदी हळू, त्यालाच लाज वाटल्यासारखा.

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. आनंदच्या तोंडाकडं बघितलं आणि कारखाना कसला ते कळलं. यांनीही बघितलं. मग हे उठून उभे राहिले.

"माझी आहे. गुडघ्यासाठी आणलेली."

लग्न झाल्यापासून यांचं पहिलं खोटं ऐकलं मी, तेही भंतेजींपुढं. खोलीत कुणी कुणाकडं बघेना. भट्टी मोडणारा माणूस भट्टीवाल्यासमोर चोरासारखा उभा. मेल्या, बोल की काहीतरी, असं मी आनंदला मनातल्या मनात म्हणत होते. पण मी तरी कुठं बोलले? पेला माझ्याच हातानं भरलेला.

भंतेजींनी काळुरामला पेला बाजूला ठेवायला सांगितला. "सगळे मिळून पंचशील घेऊ," म्हणाले.

ते सांगतील तसं आम्ही हात जोडून मागून म्हणत होतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. यांचा आवाज थांबला. भंतेजी थोडे थांबले, तरी हे गप्पच. मग पाचवं आलं, दारूला न शिवण्याचं. ते यांनी खणखणीत म्हटलं.

काळुरामनं डोळे उघडले. आधी यांच्याकडं बघितलं, मग आनंदकडं. हळूहळू सगळ्याच माना तिकडं वळल्या. पाचव्याला आनंदचं तोंड बंद होतं.

"बाटली माझी आहे," आनंद म्हणाला. "तिथं दारूच बनवतो मी. बाबांना सांगायची लाज वाटत होती."

यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. हात अजून जोडलेलेच होते.

"भंतेजी," म्हणाले, "चौथं परत द्या. आता म्हणतो."