इनाचं नवं खातं

"या खात्यात दुसऱ्या कुणाचे पैसे येतात का?" सल्ला केंद्रातल्या मिसेस लेनॉक्सनी विचारलं.

"नाही," इना म्हणाली.

मी माझ्या बुटांकडे बघितलं. मला सोबतीला नेलं होतं, बोलायला नव्हे. पण त्या 'नाही'ला मी साक्षीदार होते, हे मला आजही नाकारता येत नाही.

ग्रीनॉकमध्ये आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या आणि शेजारच्या जिन्यातल्या मिळून बारा बायकांची भिशी होती. अकरा वर्षं ती इना गॅलब्रेथच सांभाळत होती. दर शुक्रवारी प्रत्येकीचे वीस पाउंड आणि जिची पाळी तिच्या हातात संध्याकाळी दोनशे चाळीस. पूर्वी बायका रोख आणून द्यायच्या. मग सगळ्या आदल्या रात्रीच फोनवरून इनाच्या खात्यात टाकू लागल्या, नातीने शिकवल्यापासून मीसुद्धा. भिशी ज्या बाईकडे असते तिला आमच्याकडे वेगळाच मान असतो. पाद्री चुकेल, पण ती चुकणार नाही, असं आम्ही धरूनच चालतो.

आणि त्या बाईच्या डोक्यावर अकरा हजारांचं कर्ज होतं. तिचा नवरा ह्यू दोन वर्षं अंथरुणावर होता. तेव्हा वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यातल्या तिच्या पाळ्या निम्म्या झाल्या, आणि एका कार्डाचं बिल ती दुसऱ्या कार्डाने भरत गेली. वर डनरॉस बँकेचा ओव्हरड्राफ्ट होताच. ह्यू गेला, कार्डं राहिली. हे फक्त मला माहीत होतं, कारण एकदा तिचं पत्र चुकून माझ्या दारात पडलं आणि मी ते उघडलं. चुकून उघडलं असं मी तिला सांगितलं होतं.

"कर्जफेडीचा करार चांगला आहे," मिसेस लेनॉक्स समजावत होत्या. "चार वर्षं महिन्याला एकशे दहा भरायचे, उरलेलं माफ. पण तो पक्का व्हायला पाच आठवडे जातील. तोवर डनरॉसमध्ये तुमचा पगार जमा झाला की बाकीपोटी ते कापून घेऊ शकतात. म्हणून आजच दुसरीकडे खातं उघडा. साधं, ओव्हरड्राफ्ट नसलेलं. जिथे तुमचं एक पेनीचंही देणं नाही अशा बँकेत. आणि हे नीट ऐका, बँकांची नावं वेगळी असली तरी कधीकधी घर एकच असतं. उघडायच्या आधी तोंडाने विचारा."

"विचारते," इना म्हणाली.

बाहेर क्लाइड नदीवरून वारा असा येत होता की बोलणंसुद्धा ओरडून करावं लागत होतं.

"भिशीचं का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असती, बंद करा. मग बायकांना काय सांगू? का बंद केली म्हणून? आपल्यातली मॉर्व्हन तर जाब विचारायला दारातच उभी राहील."

"पाच आठवडे दुसऱ्या कुणाच्या खात्यात घ्यायचे. माझ्या."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इनाची तर अकरा वर्षांची होती.

मिसेस लेनॉक्सनी एका चिठ्ठीवर तीन बँकांची नावं लिहून दिली होती. पहिली नुसती फोनमधली. ती मीच उडवून लावली. "पैसे टाकायला फोन ठीक आहे. पण काही बिघडलं तर भांडायचं कुणाशी? भिंतीशी?" दुसरीची शाखा पेझलीला, म्हणजे आगगाडीचं भाडं. तिसरी चिठ्ठीच्या अगदी तळाशी होती आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. सेंट ब्राइड बँक, आमच्याच रस्त्यावरची. काउंटरवर माणसं, बसायला खुर्च्या, आत हीटर. "हीच घे," मी म्हटलं. आता आठवलं की जीभ कापून टाकावीशी वाटते.

काउंटरवर मॉर्व्हनची नणंद होती. हसून म्हणाली, "या या इना! आज आमच्याकडे कशी वाट चुकलीस?"

इनाने तोंड उघडलं. एवढंच विचारायचं होतं, बाई, तुमची बँक आणि डनरॉस यांचं काही नातं आहे का? पण ते विचारायचं म्हणजे डनरॉसचं देणं आहे हे सांगायचं, आणि तिला सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत मॉर्व्हनला आणि रात्रीपर्यंत साऱ्या जिन्याला.

"बाहेर भयंकर गार आहे," इना म्हणाली. "खातं उघडायचंय."

मी तिच्या शेजारीच उभी होते. मला कुणाचंच देणं नव्हतं, मी सहज विचारू शकले असते. मी हीटरकडे सरकले.

पुढचे दोन शुक्रवार भिशी नव्या खात्यावर सुरळीत गेली. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी दहाला इना माझ्या दारात आली. पायांत सपाता, हातात फोन.

"रोना, चष्मा लाव गं. हे मला वाचून दाखव. मला बरोबर दिसत नाहीये."

तिला बरोबर दिसत होतं. खात्यात शून्य होतं. तिचा पंधरवड्याचा पगार, चारशे बारा, आदल्या रात्री आला होता. भिशीचे दोनशे चाळीस आले होते. आणि सकाळी सहा वाजता सगळे मिळून एकाच ओळीत निघून गेले होते. संलग्न खात्यावरील बाकीपोटी वर्ग.

बँकेने आम्हाला फोनवर चाळीस मिनिटं बाजा ऐकवला. मग एक मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, डनरॉस आणि सेंट ब्राइड एकाच परवान्यावर चालतात, म्हणजे कायद्याने बँक एकच."

"हे आम्हाला कुणी सांगितलं?" मी ओरडले.

इनाने माझ्या हातातून फोन घेतला. "सांगितलं होतं," ती त्या मुलाला म्हणाली. "आभारी आहे." आणि बंद केला.

मिसेस लेनॉक्सनी धावपळ केली. पगारातला बराचसा सहा आठवड्यांनी परत मिळाला. भिशीचे मिळाले नाहीत. खातं इनाचं, पैसे इनाचे. आपण बायकांनी आपसात काय ठरवलंय ते बँकेला काय ठाऊक?

त्या शुक्रवारची पाळी नेटाची होती. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरचा दगड दीड वर्ष कोरा उभा होता, आणि शनिवारी सकाळी पाथरवट नाव कोरायला येणार होता. मी कपाटातून माझे नाताळचे जपलेले पैसे काढून आणले.

"घे. कुणाला कळणार नाही."

"कळेल," इना म्हणाली. "आज नाहीतर महिन्याने. मग मी पैसे घालवलेही आणि लपवलेही, दोन्ही होईल." आणि मग तिने माझा हात घट्ट धरला आणि रडली. ह्यूच्या वेळी रडली नव्हती एवढी रडली.

सहा वाजता सगळ्या नेटाच्या स्वयंपाकघरात जमलो. इनाने अंगातला कोट काढला नाही, खुर्चीही घेतली नाही.

"पैसे गेले. माझ्या कर्जापोटी बँकेने घेतले. चूक माझी आहे, बँकेत विचारायला पाहिजे होतं ते लाजेने विचारलं नाही. कर्ज किती ते विचाराल तर सांगेन. नेटा, तुझे आठ आठवड्यांत फेडते, आठवड्याला तीस."

कुणी विचारलं नाही. नेटाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती म्हणाली, "दगड कुठे पळून जातोय? माझ्या नवऱ्याला जन्मात कधी घाई नव्हती. बस, चहा घे."

"म्हणजे," मॉर्व्हन हळूच म्हणाली, "इतकी वर्षं आपले पैसे हिच्या खात्यात जात होते, आणि हिचं हे असं..."

"एक पेनी इकडची तिकडे केली नाही मी, मॉर्व्हन," इना म्हणाली.

"अगं, मी कुठे काय म्हटलं?"

खरंच तिने काहीच म्हटलं नव्हतं. पण प्रत्येकीने ते ऐकलं.

इनाने आठच्या आठ आठवडे तीस पाउंड नेटाला दिले. त्यासाठी रविवारच्या पाळ्या घेतल्या. गरम वाफेत चादरी उचलून तिची मनगटं सुजली होती, तीही बाह्यांत झाकून हिंडायची. खातं शेवटी त्या फोनमधल्या बँकेत उघडलं. एप्रिलमध्ये दगडावर नाव कोरलं गेलं, आणि आम्ही सगळ्या बघायला गेलो. इनाही आली, पण फुलं ठेवून लगेच निघाली, कामाची वेळ झाली म्हणाली.

मे महिन्याच्या अखेरीस भिशीचा नवा फेरा सुरू झाला. मॉर्व्हनकडे. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारू नका. मी बैठकीला होते आणि मान डोलावली एवढं खरं. मनातून वाटत होतं, इनाने येऊ नये. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

इना आली. केस विंचरलेले, चांगला निळा स्वेटर. दाराजवळच्या स्टुलावर बसली.

मॉर्व्हनने बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि डबा फिरवला. आमच्याकडे एक रीत आहे, बोलून दाखवायची नसते. जिचा भरवसा नाही तिला लवकर पाळी देत नाहीत, पैसे घेऊन पुढचे हप्ते बुडवले तर काय करणार? म्हणून तिच्यासाठी शेवटचा आकडा डब्यात टाकतच नाहीत. बारा बायका आणि अकरा चिठ्ठ्या.

डबा एकीकडून दुसरीकडे गेला. मला दोन नंबर आला. डबा नेटापाशी रिकामा झाला, तेव्हा एकटी इनाच उरली होती. मॉर्व्हन डब्याचं झाकण लावायला लागली. ते झाकण नीट बसेना.

"माझा बारावा ना?" इना म्हणाली. "बरं झालं. ऑगस्टमध्ये मला लागणारच आहेत." मी माझी चिठ्ठी पुढे करून म्हणू शकले असते, हा घे, माझा दोन नंबर तुला. चिठ्ठी माझ्या मुठीत घामाने ओली झाली.

मग इनाने पर्स उघडली. बाकीच्यांनी फोन काढले होते, तिने रोख आणले होते. दहा-दहाच्या दोन नोटा. सगळ्यांच्या आधी तिने त्या टेबलावर ठेवल्या.

मॉर्व्हनने नोटा उचलल्या आणि मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या. इना मोजून होईपर्यंत उभी राहिली.

"बरोबर आहेत?" तिने विचारलं, आणि मॉर्व्हनने मान हलवल्यावर जाऊन स्टुलावर बसली.