पट्टीखालची हवा

तीन आठवडे आलेखावरची माझी रेघ आणि विमानाने मोजून आणलेले ठिपके एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मी कॉम्प्युटरवर हवा चालवते. पंखावर कुठे किती दाब पडेल, ते उडायच्या आधी सांगायचं, हे माझं काम. शेवटी वैतागून मी एकच गोष्ट बदलली. पंखाच्या पुढच्या कडेवर हवा गुळगुळीत वाहते असं धरलं होतं, ती तिथूनच विस्कटलेली धरली. आणि काय सांगू, साठच्या साठ ठिपके रेघेवर येऊन बसले! साहेबांनी पाठ थोपटली. मीही फुशारले. का जुळलं, हे ना त्यांनी विचारलं ना मी.

दादा, माझा सख्खा मोठा भाऊ, आमचाच चाचणी वैमानिक. पुढच्या उड्डाणात त्याला वेग कमी करत करत, जिथे पंख हवा सोडतो आणि विमान पेलेनासा होतो तिथपर्यंत जायचं होतं. तो वेग माझ्या रेघेवरून ठरला. ढग खाली होते, म्हणून उंचीही कमीच ठेवली.

"तुझा आकडा ना? मग झालं तर," म्हणत त्याने तो वहीत उतरवला.

आदल्या दिवशी दुपारी मी हँगरमध्ये गेले. दाब मोजायच्या नळ्यांची पट्टी पंखावर चिकटवणाऱ्या काकू ती खरवडून काढत होत्या. हाताने चोख, तोंडाने तिखट.

"काय गं, पास झालीस म्हणे?"

"तुमच्या कृपेने."

"माझ्याच बरं! ही पुढची कड सारखी उचकटत होती. वरून टेपचे आणखी दोन थर दाबले, तेव्हा कुठे बसली मेली."

मी बोट फिरवलं. अजून न निघालेल्या टेपचा नखाएवढा जाड उंचवटा लागला. हवा विस्कटत होती ती या टेपमुळे. आणि उद्या दादा टेप नसलेला पंख घेऊन उडणार. त्या पंखाची खरी रेघ माझी पहिलीच होती, मीच टाकून दिलेली. ती सांगत होती, पंख बराच आधी दगा देईल.

अहवाल मागे घेते म्हटल्यावर साहेब भडकले. "जुळलेलं मोडायची अवदसा कुठून आठवली तुला? साठ ठिपके आहेत!"

"साठही टेपचे आहेत, साहेब. पंखाचा एकही नाही!" माझा आवाज चढला. अहवालावरची सही मी त्यांच्यासमोर खोडली.

ढग हटायची वाट बघून दुप्पट उंचीवर उड्डाण झालं. वेग माझ्या जुळलेल्या आकड्यावर यायला अजून अकरा नॉट बाकी होते, तेव्हाच डावा पंख खाली गेला आणि विमान गर्रकन उलटलं. दादाने सावरलं. सावरायला किती उंची लागली, ते त्याने उतरल्यावर सांगितलं. आधीच्या बेतात तेवढी उंचीच नव्हती. मी सगळ्यांसमोर रडले.

घरी तो आईला म्हणाला, "हिने वाचवलं." आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा पुढच्या उड्डाणाचा आकडा घेऊन गेले. दादाने वही उघडली, पेन काढलं आणि थांबला.

"कुणी तपासलं?"

आजवर हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"काकूंनी पंख पाहिला. मी दोनदा मोजलं."

त्याने माझा आकडा लिहिला आणि वर आपल्या मनाने पंधरा नॉट मिळवले. "राग मानू नकोस गं," तो म्हणाला.

"वीस मिळव, दादा," मी म्हटलं.