उसना बिल्ला

कामठीच्या रस्त्याला लागून सरकीच्या तेलाची एक मिल होती. तिच्यात माणसं दोन जातींची. जात म्हटलं की आपल्याकडे लगेच कान टवकारतात, पण ही जात जन्माने येत नव्हती, फाटकावर मिळत होती. एक जात बिल्लेवाल्यांची, म्हणजे पर्मनंट कामगारांची. दुसरी बिनबिल्ल्यांची, म्हणजे चंपतराव ठेकेदाराच्या माणसांची. काम एकाच छपराखाली, धूळ सगळ्यांच्या नाकात सारखीच, पण पाण्याचे माठ मात्र वेगळे.

बिल्ला म्हणजे पितळेची चकती, तिच्यावर कामगाराचा नंबर. सकाळी फाटकावर घ्यायची आणि भोंगा झाला की फाटकावरच परत द्यायची. चकती परत आली नाही तर त्या दिवसाची हजेरी गेली. पण या चकतीला मिलमध्ये आणखी एक काम होतं, आणि ते कोण्या साहेबाने नाही, जुन्या कामगारांनीच लावून दिलं होतं.

मिलच्या मागच्या अंगाला सरकी साठवायचा सिमेंटचा खोल हौद होता. त्याच्या तळाशी लांबलचक लोखंडी मळसूत्र फिरायचं आणि सरकी ओढून घाण्यांकडे न्यायचं. सगळे त्याला इस्क्रू म्हणत. सरकीच्या अंगाला कापसाची लव असते, त्यामुळे दाणे एकमेकांना धरून बसतात. खालची सरकी निघून जाते आणि वर पोकळ कमान उभी राहते. मग कोणीतरी दोराला धरून आत उतरायचं आणि सब्बलीने, म्हणजे पहारीने, ती कमान फोडायची. इस्क्रूचा स्विच भिंतीपलीकडच्या खोलीत होता. तिथून हौद दिसत नसे आणि घाण्यांच्या आवाजात हाकही ऐकू जात नसे. म्हणून आत उतरणाऱ्याने आपला बिल्ला स्विचजवळच्या फळ्यावर टांगायचा. फळ्यावर बिल्ला आहे तोवर स्विचवाला बटणाला हात लावणार नाही. एवढा साधा कायदा, पण तो सगळे पाळत.

चंद्रभान हा हौदावरचा मिस्त्री. बिल्लेवाला, युनियनचा माणूस, आवाज खणखणीत. काही वर्षांपूर्वी एका पर्मनंट कामगाराचा पाय इस्क्रूने मांडीपासून नेला, तेव्हा फाटकासमोर जो संप झाला त्यात चंद्रभान सगळ्यांच्या पुढे होता. मॅनेजमेंट नमलं. करार झाला की यापुढे एकही पर्मनंट कामगार हौदात उतरणार नाही. त्या दिवशी गुलाल उधळला, पेढे वाटले, चंद्रभानला लोकांनी खांद्यावर घेतलं. मग हौदात उतरणार कोण, हे मात्र त्या गडबडीत कोणी विचारलं नाही. सरकी काही करार वाचून अडायची थांबत नाही. पुढच्याच आठवड्यात चंपतरावाची माणसं दोर घेऊन हौदावर हजर झाली.

आणि त्या माणसांत ताराचंद आला. हा चंद्रभानचा सख्खा साळा, वच्छलाचा धाकटा भाऊ, भिवापूरचा. गावात मिरची तोडायची मजुरी तेवढी होती, तीही हंगामापुरती. वच्छलाने नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता. "अवो, तुमची एवढी चालते मिलमंदी, माह्या भावाले लावून द्या ना कुठीतरी." चंद्रभानने चंपतरावाच्या कानात शब्द टाकला. दोन वर्षं ठेकेदाराकडे काढली की पर्मनंटमध्ये घेतात, असं मिलमध्ये बोललं जायचं. बोललं जायचं म्हणजे खरंच, असं चंद्रभानने धरलं, आणि तोच ताराचंदला हाताला धरून हौदापर्यंत घेऊन आला.

पहिल्या दिवशी साळ्याचं डोकं हौदाच्या तोंडातून खाली दिसेनासं झालं, तेव्हा चंद्रभान भिंतीपलीकडे जाऊन फळा पाहून आला. फळा रिकामा होता. ठेकेदाराच्या माणसांना बिल्लेच नव्हते, टांगणार काय? त्यांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. त्यांच्यातला एक जण दिवसभर स्विचवाल्या नानाजींच्या शेजारी उभा राहायचा आणि निरोप आल्याशिवाय बटण दाबू द्यायचा नाही. पण माणूस तो माणूस. कधी मुतायला जाईल, कधी भांडण बघायला जाईल. चंद्रभानला त्या उभ्या माणसाचा भरवसा वाटेना. साळ्याला इथे आपण आणलं, तेव्हा तो पर्मनंट होईपर्यंत रोज धडधाकट वर आला पाहिजे, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

तो आधी लेबर ऑफिसर मधुकररावांकडे गेला. माणूस गोड बोलायचा, चहा पाजायचा.

"साहेब, ठेकेदाराच्या पोट्ट्यांयले बी बिल्ले द्या. फळ्यावर टांगाले तरी."

"चंद्रभान, तू शहाणा माणूस आहेस," मधुकरराव म्हणाले. "बिल्ल्यावर कंपनीचं नाव आहे. उद्या तोच बिल्ला घेऊन ते कोर्टात उभे राहिले की बघा, आम्ही कंपनीचे कामगार, तर मी काय सांगू? नवा कायदा आलाय ठेक्याच्या मजुरांचा. त्यांच्या जिवाची जबाबदारी ठेकेदाराची. आपण मधे पडायचं नाही."

ठेकेदार म्हणाला, "मी मानसं देतो गा. हौद मिलचा, इस्क्रू मिलचा. मी काहून पाहू?" युनियनवाले म्हणाले, ते आपले मेंबर नाहीत. म्हणजे ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, आणि ती सगळी बोटं मिळून ताराचंद उतरत होता त्या हौदाकडे काही वळली नाहीत. चंद्रभानला संताप आला. त्या संतापातच त्याने आपल्या छातीवरचा बिल्ला काढला आणि फळ्यावर टांगला.

"नानाजी, हा माहा बिल्ला. पोट्टे खाली हाये तवरोक असाच राहीन."

नानाजी म्हातारे, सरळ मनाचे. म्हणाले, "फळ्यावर बिल्ला हाये म्हंजे मी बटन दाबत नाही. कोनाचा हाये ते मी कायले पाहू?"

झालं. सरकी अडली की चंद्रभानचा बिल्ला फळ्यावर चढायचा, माणसं वर आली की उतरायचा. भोंग्याच्या आधी तो सगळ्यांना हाक मारून वर काढायचा, डोकी डोळ्यांनी पाहायचा, मगच बिल्ला उतरवून फाटकाकडे निघायचा. ताराचंद हसायचा. "भाऊजींचा बिल्ला वर हाये, आता यमाले बी परमिशन लागते." महिने सुखाने गेले. वच्छला भावासाठी डब्यात वेगळी भाकर द्यायची. त्याचं लग्नही झालं, पंचफुला नावाची हसरी पोरगी त्याच्या घरात आली. आपण एकट्याने सगळ्या मिलला जे जमलं नाही ते केलं, असं चंद्रभानला वाटू लागलं होतं, आणि त्यात त्याचं चुकत होतं असं तेव्हा कोणीही म्हटलं नसतं.

पण चंपतराव हा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. फळ्यावर रोज बिल्ला दिसतो म्हटल्यावर त्याने स्विचजवळ उभा राहणारा आपला माणूस काढून घेतला. "फुकट उभं राहाची मजुरी काहून देऊ? बिल्ला हाये ना." चंद्रभाननेही मान डोलावली. त्या माणसाचा त्याला आधीपासूनच भरवसा नव्हता. मजुरांनी स्वतःच्या जिवासाठी उभी केलेली ती एक काठी होती. ती गेली आणि कोणाला तिची उणीव जाणवली नाही.

कापसाचा हंगाम भरात होता. जिनिंगमधून गाड्यांवर गाड्या सरकी येत होती आणि हौद दिवसातून कितीदा तरी अडत होता. त्या दिवशी संध्याकाळी चंद्रभानने नेहमीप्रमाणे सगळ्यांना वर घेतलं. ताराचंद शेवटी आला. केसांत सरकीची लव, पापण्यांवर लव. "भाऊजी, आज घरी येतो, बाईले सांगजा," म्हणाला. बहिणीला तो बाई म्हणायचा. चंद्रभानने हो म्हटलं, फळ्यावरून बिल्ला काढला, खिशात टाकला आणि फाटकाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

भोंगा बिल्लेवाल्यांचा. ठेकेदाराच्या माणसांचा दिवस ठेकेदार सांगेल तेव्हा संपायचा. चंद्रभान गेल्यावर चंपतराव हौदावर आला आणि सब्बली मोजू लागला. एक कमी भरली. ती खाली सरकीत रुतून राहिली होती. "कोन आनते? जाय ताराचंद, तुले जागा माहीत हाये." ताराचंदने दोर धरला. फळा पाहायला तो गेला नाही. कशाला जाईल? भाऊजींचा बिल्ला तिथे असतोच. स्विचजवळ पूर्वीसारखा आपला माणूस असता तर त्याने नानाजींचा हात धरला असता.

शेवटची सरकी घाण्यांकडे लोटायला मागे थांबलेल्या नानाजींनी फळ्याकडे पाहिलं. फळा रिकामा. त्यांनी बटण दाबलं.

फाटकाच्या रांगेत चंद्रभानला इस्क्रू सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. रोजचाच आवाज. मग ती घरघर मधेच जड झाली, आणि बंद पडली. इस्क्रू असा मधे बंद पडत नाही. चंद्रभान रांग सोडून धावला. हौदाच्या तोंडाशी दोर नुसता लोंबत होता, आणि सरकीची पातळी मधोमध बसली होती, पिठाच्या डब्यात वाटी दाबल्यासारखी.

ताराचंद गेल्याचं घरी सांगितलं, तेव्हा वच्छला रडली नाही आधी. नवऱ्याकडे पाहत राहिली आणि एवढंच विचारलं, "तुमचा बिल्ला कुठी होता?"

"खिशात," चंद्रभान म्हणाला. तो शब्द तोंडातून निघाला आणि आपण पुन्हा कधी हिच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

मग चौकशी बसली. नानाजी निर्दोष, कारण फळा रिकामा होता. मिल निर्दोष, कारण माणूस तिचा नव्हता. चंपतराव म्हणाला, मी पाठवलंच नाही, पोरगं स्वतःच्या मनाने उतरलं, आणि त्याच्या बाकीच्या माणसांनी खाली मान घालून हो म्हटलं, कारण उद्या त्यांनाही काम हवं होतं. चंद्रभान मात्र उभा राहिला. पंचफुलाला भरपाई मिळावी आणि आता तरी या लोकांना बिल्ले मिळावेत, म्हणून त्याने सगळं सांगितलं. आपण रोज आपला बिल्ला त्यांच्यासाठी टांगत होतो, मिलला हे माहीत होतं, मिलच्याच कामासाठी ते उतरत होते.

मधुकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "फळ्यावर तुझा बिल्ला म्हणजे हौदात तू. तू हौदात नव्हतास. म्हणजे महिनोन् महिने तू फळ्यावर खोटं टांगत होतास. चंद्रभान, सुरक्षेची व्यवस्था तूच मोडलीस रे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. नोकरी गेली नाही, ताकीद देऊन सोडलं. पण फाटकावर नोटीस लागली: कोणीही दुसऱ्यासाठी बिल्ला टांगू नये, आणि ठेकेदाराच्या माणसांनी स्विचच्या खोलीत पाऊल ठेवू नये. म्हणजे उसना बिल्लाही गेला, आणि तो यायच्या आधीचा उभा माणूसही गेला. मिलमध्ये सुरक्षा वाढली ती अशी. पंचफुला भिवापूरला परत गेली, पोटात ताराचंदचं लेकरू घेऊन.

चंद्रभान एकदा नानाजींकडे गेला. "बटन दाबाच्या पह्यले मानूस पाठवून मले विचारत जा."

नानाजींनी बटणावरून हात काढून घेतला. ते म्हणाले, "फळा रिकामा अन् मी इस्क्रू थांबवून ठेवला, तर मले घरी बसवतात बाबू. माही पेन्शन हाताशी आली हाये. मी देवाचं नाव घेऊन दाबतो." चंद्रभानला त्यांचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

ताराचंदची जागा चंपतरावाने रिकामी ठेवली होती. मोठ्या मनाने ठेवली, असं तोच सगळ्यांना सांगायचा. एका सकाळी हौदावर ताराचंदचा थोरला भाऊ धोंडबा उभा दिसला. चाळिशीचा, वाकलेला, कमरेला गमछा बांधलेला.

चंद्रभानने त्याला बाजूला ओढलं. "तुमी काहून आले इथी? परत जा. आजच्या आज जा."

"कुठी जाऊ जवाईबापू?" धोंडबा म्हणाला. "पंचफुला माह्याच घरी हाये. तिचं बाळंतपन मलेच करा लागते. ठेकेदार म्हने, भावाची जागा हाये, भावालेच देतो. दुसरं कोन देऊन राहिलं मले काम?"

काम देणं चंद्रभानच्या हातात नव्हतं, थांबवणंही नव्हतं. बिल्ला छातीवर होता आणि तो छातीवरच राहायला हवा होता. भिंतीपलीकडे स्विच होता, आणि त्या भिंतीतून त्याला काही दिसत नव्हतं. हे सगळं सांगावं असं त्याला फार वाटलं. सांगितलं असतं तर धोंडबा तरीही उतरला असता, फक्त भीत भीत उतरला असता.

सरकी अडली. चंपतरावाने हाक मारली. धोंडबाने दोर हाताला गुंडाळला, हौदाच्या काठावर बसला आणि वर पाहिलं. त्याचा चेहरा हुबेहूब वच्छलासारखा होता.

"जवाईबापू, तुमी वरतं हाये ना?"

"हाये," चंद्रभान म्हणाला.

"मंग मले कायचं भेव," धोंडबा म्हणाला, आणि खाली उतरू लागला.