तिसऱ्या खुर्चीचे मार्क

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून थोरली कवळ्या घडवायची. परक्या तोंडांचे साचे, प्लास्टरची पांढरी भुकटी आणि घासणीच्या यंत्राची किरकिर, यातच तिचं तारुण्य सरलं. क्लॅरिनेट तिने पुन्हा हातात धरली ती चाळिशी उलटल्यावर.

पुन्हा, कारण घरातली पहिली क्लॅरिनेट तिचीच होती. वडील कारखान्याच्या बँडचे मास्तर. त्यांनी तिला फुंकायला शिकवलं आणि तिने धाकटीला. पुढे संगीत विद्यालयात एकीलाच घालणं परवडेल असं दिसलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "थोरली काय, कुठलंही काम उचलेल. धाकटीला दुसरं येतंय काय?" वाद्य धाकटीबरोबर गेलं. ती नावारूपाला आली, लग्न झालं, आडनाव बदललं. थोरली वडिलांपाशी राहिली.

शहरातल्या संगीत महोत्सवात फुंकवाद्यांची स्पर्धा होती, लाकडी आणि पितळी एकाच गटात, वयाची अट नाही. पहिल्या येणाऱ्याला समारोपाला वाद्यवृंदासोबत वाजवायला मिळणार होतं. थोरलीने नाव दिलं आणि फोन करून धाकटीला सांगितलं.

धाकटी म्हणाली, "ताई, परीक्षकांत मी आहे."

"मग मी नाव मागे घेते."

"छे गं! तू वाजव. तिकडचं मी बघते."

थोरलीला वाटलं, धाकटी त्या दिवशी खुर्ची सोडून बाजूला बसेल. बहिणीच्या वेळी कुठलाही परीक्षक तेच करतो.

स्पर्धा एका शाळेत होती. सरावाला दिलेल्या वर्गात लहान मुलांची बाकं होती आणि त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन मोठी माणसं फुंकत होती. एक ट्रम्पेटवाला भिंतीकडे तोंड करून एकच ओळ घोकत होता. ट्रॉम्बोनवाल्याने नळीतलं पाणी फरशीवर झटकलं आणि "सॉरी हां, काकू," म्हणाला. थोरली क्लॅरिनेटची रीड, ती वेताची पातळ पट्टी, तोंडात भिजवत बसली होती, त्यामुळे तिने नुसती मान हलवली.

तिचं नाव पुकारलं. सभागृहात पुढे टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत मुख्य परीक्षक, जाडजूड, ढगळ कोटातले. एका बाजूला एक बासरीवाल्या बाई आणि दुसऱ्या बाजूला धाकटी, टोपण काढलेलं पेन हातात घेऊन.

थोरली पायरीवरच थांबली. पण साथीला बसलेल्या पियानोवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि आता मागे फिरणं नव्हतं. तिने खालचा ओठ दातांवर घेतला आणि सुरुवात केली. संथ भागात तिचा श्वास इतका लांबला की मागच्या रांगेतला खोकणारा माणूस खोकला दाबून बसला. शेवटचा स्वर हवेत विरला आणि टाळ्या जरा उशिराच पडल्या. आपण चांगलं वाजवलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

निकाल लागला. पहिला तो ट्रम्पेटवाला, थोरली दुसरी. ठीक आहे, म्हणून ती क्लॅरिनेटचे सुटे भाग पुसून पेटीत ठेवत होती, तोच मुख्य परीक्षक जवळ आले.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. आम्ही दोघांनी तुम्हालाच पहिलं ठेवलं होतं. तिसऱ्या खुर्चीच्या मार्कांनी घात केला. इतके कमी का दिले, देव जाणे. मी विचारलं, तर म्हणाल्या, सूर कच्चा आहे."

"त्या माझ्या कोण लागतात, हे त्यांनी सांगितलं नाही?"

"कोण लागतात?"

थोरलीने पेटीचं झाकण लावलं. "कुणी नाही," ती म्हणाली.

धाकटी बाहेर जिन्यापाशी भेटली. आधी इकडंतिकडं पाहिलं, मग म्हणाली, "ताई, समजून घे. उद्या कुणाला नातं कळलं असतं, तर लोक म्हणाले असते, बहिणीला जिंकवलं."

"मग उठून जायचं होतंस."

"उठले असते तर पुन्हा बोलावलं असतं का कुणी? इथवर यायला मला किती..."

"सूर कच्चा होता माझा?"

धाकटी पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

"हो किंवा नाही म्हण."

"नव्हता," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली.

थोरलीने तिला जवळ घेतलं नाही. "पाठची बहीण तू," ती म्हणाली, "पाठीतच मारलंस." आणि जिना उतरून गेली.

पण खरा घाव घरी बसला. धाकटीने आधीच फोन करून मास्तरांना आपल्या परीने सगळं सांगितलं होतं. म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता, डोळे भरून आलेले.

"ऐकलंस ना? सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही तिने! परीक्षक असावा तर असा. नाव काढलं पोरीने."

"बाबा, मी चांगली वाजवली."

"असशील की. दुसरी आलीस, काय वाईट आहे? या वयात!"

थोरली स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या करायला घेतल्या.

समारोपाला ट्रम्पेटवाला वाजवून गेला. पुढच्या वर्षी धाकटी मुख्य परीक्षक झाली. मास्तर येईल त्याला तिच्या सचोटीची गोष्ट सांगतात. थोरली समोर असली तरी सांगतात, उलट तिलाच साक्षीला घेतात: "काय गं, खरं ना?"

"खरं," ती म्हणते.

धाकटी दर रविवारी फोन करते. थोरली उचलते. बाबा जेवले, औषध घेतलं, झोप बरी लागते, एवढं सांगते. धाकटी विचारते, "आणि तू, ताई? वाजवतेस ना?"

थोरली फोन वडिलांच्या हातात देते.