मास्तरांची पिणारी बायको

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि पिण्यातही नव्हता. दोन्ही कलांची गाठ पडली ती एका कोटावर. गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं आणि त्याचा उजवा हात काही केल्या सरळ होईना. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या होत्या.

त्या दिवशी बायको भांडली नाही. तिने आपली बॅग भरली, दाराआड ठेवली आणि सांगितलं, की वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. तिथे जायला लागा, नाहीतर मी चालले मुलीकडे.

ही बोलते ते करते, हे मास्तर लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच शिकले होते. गुरुवारी ते निमूट जिना चढले. वर समोरासमोर दोन खोल्या. दारांवर पाट्या होत्या, पण शरमेने मान खाली घातलेल्या माणसाला पाट्या कुठून दिसणार? ते डावीकडे शिरले.

आत बहुतेक बायकाच. मास्तरांना वाटलं, काळ बदलला, आता बायकाही घ्यायला लागल्या. पण बोलणं सुरू झालं आणि त्यांना घाम फुटला. एकीचा नवरा पगाराच्या दिवशी घरीच येत नव्हता, दुसरीच्या भावाने तिची शिलाई मशीन विकली होती. ही पिणाऱ्यांची नव्हे, पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक होती. पळावं तर दार अडवून बसलेली भरभक्कम नर्सबाई, बैठक तीच चालवायची. तिने मायेने विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे कोण घेतं?"

"बायको," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

सगळी खोली हळहळली. चहाचा पहिला कप त्यांना मिळाला, पाठीला उशी मिळाली. घरी बोलणी खाऊन खाऊन निबर झालेल्या माणसाला हा लाड फारच मानवला. पुढच्या गुरुवारी ते दाढी करून गेले.

आता बायको पिते म्हटल्यावर तिचे पराक्रम सांगणं आलं. ते आणायचे कुठून? मास्तरांनी स्वतःचेच काढले आणि बिनदिक्कत तिच्या नावावर खपवले. तीही शिवणकाम करते म्हणाले. रिळांच्या डब्यामागे बाटली लपवते, शेजाऱ्यांच्या कुलपाला आपली किल्ली लावत बसते, मुलीच्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत घोरत पडली होती. बायका गालाला हात लावून ऐकायच्या. एक तर म्हणाली, तुम्ही म्हणून सांभाळलीत हो, दुसऱ्याने केव्हाच घराबाहेर काढली असती. मास्तरांनी नम्रपणे मान खाली घातली.

घरी बायको मात्र चक्रावली होती. नवरा बैठक चुकवत नाही, येतो तो खुशीत येतो, आणि बाटली आहे तिथेच. तिची बॅगही दाराआड तशीच होती. शेवटी शेजारीण म्हणाली, अगं, त्यांच्या समोरच्याच खोलीत घरच्या माणसांचीही बैठक असते, तू जाऊन बस.

ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. मागच्या खुर्चीवर टेकली आणि बघते तर पुढे आपलाच नवरा, तिच्याकडे पाठ करून बोलतोय. कोटाची गोष्ट रंगात आली होती. सगळे पोट धरून हसत होते. हसू ओसरल्यावर नर्सबाईने विचारलं, पण तिला स्वतःला काय वाटतं याचं?

हे उत्तर मास्तरांनी घरून आणलं नव्हतं. त्यांनी खिशातली मापाची टेप काढून बोटाला गुंडाळली.

"लाज वाटते तिला," ते म्हणाले. "दाराआड भरलेली बॅग रोज बघते. वाटतं, आजच सोडावी. मग वाटतं, घरचं माणूस खरंच निघून गेलं तर? त्या धास्तीनेच हात परत डब्यामागे जातो. घरी हे सांगायची हिंमत नाही तिची."

मागे खुर्ची सरकली. मास्तर वळले आणि कोटाच्या अस्तरासारखे पांढरे पडले.

"मीच यांची बायको," ती रुमाल डोळ्यांना लावून म्हणाली. रुमालाखाली रडू होतं की हसू, कोणाला कळलं नाही. "हे सांगतात तो शब्दन् शब्द खरा आहे. मला सुधारायचंय. समोरची खोली ना? एकटीला भीती वाटते बाई. अहो, येता ना सोबत?"

सगळ्यांनी मास्तरांना पुढे लोटलं. नर्सबाईने स्वतः दार उघडून धरलं.

दोन दारांच्या मधे मास्तर पुटपुटले, "अगं, मी सांगतो तुला सगळं."

"मला सांगून झालं. आता तिकडे सांगा."

उजवीकडच्या खोलीत एक जाडजूड बसड्रायव्हर चहा ओतत होता. दोघांना बघून त्याने विचारलं, तुमच्यापैकी कोण? बायको छताचा पंखा न्याहाळत राहिली.

"दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या," मास्तर अखेर म्हणाले, "तो मी."

ड्रायव्हरला बाह्यांचं काही कळलं नाही, पण त्याने खुर्ची पुढे केली. मास्तर बसले तशी बायको डावीकडच्या खोलीत परतली. इतक्यात दारू सुटली का, असं नर्सबाईने थक्क होऊन विचारलं. मास्तरांची उशी पाठीशी घेत ती म्हणाली, की कोटाची खरी गोष्ट अजून सांगायची राहिलीय.

दोघं बरोबरच घरी आली. मास्तरांनी डब्यामागची बाटली मोरीत ओतली. मग ते दाराआडच्या बॅगेकडे बघत उभे राहिले.

बायकोने बॅगेची चेन उघडली, आतून फक्त कंगवा काढला आणि चेन परत लावली.

"बाकीचं पुढच्या गुरुवारी बघू," ती म्हणाली.