अकरा मिनिटांचा धरणीकंप

"तू नुसता उभा राहा," गिटारवाला त्याच्या कानाशी ओरडला. "तुझा बास जुन्या टेपवरून सोडू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बोटांना कळेल ना!" धरणीकंप म्हणाला. "इतक्या वर्षांनी बँड जमलाय, पुन्हा कधी जमणार आहोत आपण? अकरा मिनिटं माझी आहेत. मीच वाजवणार."

हे नाव त्याला बँडनेच दिलं होतं. तारुण्यात त्याने बास गिटारची जाड तार छेडली की तीन गल्ल्यांपलीकडे लोकांच्या शर्टांची बटणं गळून पडत. तिथल्या शिंप्याने त्या बटणांवर दुमजली घर बांधलं, आता बोला! बँडची बाकीची गाणी लोक विसरले. उरली ही एकच अकरा मिनिटांची रचना. तिला शब्द नाहीत, गाणारा नाही, सगळा भार बासवर.

पोटासाठी मात्र त्याने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि मोटरींच्या घरघरीत कान गमावले. मोटर बिघडली की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक तिला लावी आणि मूठ जबड्याला. हाडातून बिघाड कळे. आता तो बासच्या वरच्या, शिंगासारख्या लाकडी टोकावरच जबडा टेकवून वाजवू लागला.

ड्रमवर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तालमीच्या खोलीतली जमीन फळ्यांची. ड्रमचा ठोका तळपायांतून वर चढे. सात-सात मात्रांच्या फेऱ्या चालत. शेवट मोकळा होता: मेहुण्याला वाटेल तेव्हा तो एक जड ठोका देई आणि सगळे तिथेच थांबत. धरणीकंप एकदाही चुकला नाही.

"बघ, दाजींना जमतंय," मेहुण्याने गिटारवाल्याला सुनावलं. "टेप ठेव तुझ्या उशाशी."

कार्यक्रमाच्या दिवशी व्यासपीठावर जाडजूड गालिचा अंथरलेला होता. शोभेसाठी. धरणीकंपाने त्याच्याकडे पाहिलं, बूट काढले, मोजेही काढले आणि जबडा टेकवला. पहिल्याच सुराला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी कवळी धरली. दहा मिनिटं सभागृह जागचं हललं नाही.

मग मेहुण्याने जड ठोका दिला. गिटार थांबली. कीबोर्ड थांबला.

बास चालूच राहिला.

सात मात्रा. पुन्हा सात. त्याचं तोंड बाजूच्या पडद्याकडे, डोळे मिटलेले. कुणीतरी टाळी वाजवली आणि ओशाळून थांबलं. मेहुण्याने काठ्या उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या. साथ पुन्हा सुरू करता आली असती. पण मग थांबवायची कशी? तो उठला, गालिच्यावरून चालत आला आणि त्याने तारांवर पंजा ठेवला.

धरणीकंपाने मान वर केली. समोर शेकडो हात एकमेकांवर आपटत होते.

"किती फेऱ्या जास्त झाल्या रे?"

मेहुणा त्याच्या कानाशी वाकला. "तुमच्या नाही, दाजी. आम्हीच लवकर थांबलो."

काही ऐकू आलं नाही त्याला. तारांवरचा मेहुण्याचा हात मात्र अजून तसाच होता. धरणीकंपाने तो अलगद बाजूला केला आणि तिथे स्वतःचा पंजा ठेवला.