खुंटीवरचे स्टिअरिंग

मित्रांनो, मी एका जुन्या जीपचे स्टिअरिंग आहे. जीप केव्हाच भंगारात गेली. मी मात्र झाशीच्या नगरा भागात, चंद्रभागाबाईंच्या ओसरीवर खुंटीला टांगलेले आहे. जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आमची आठवण ठेवा, आमचे कौतुक करा. माझे मागणे थोडे उलटे आहे.

मला समजू लागले तेव्हा आमची जीप बबिन्याच्या छावणीत होती. पुढे ती लिलावात निघाली आणि नामदेवने घेतली. नामदेव साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. तो इकडेच राहिला आणि झाशीहून एरचला सवाऱ्या नेऊ लागला. माणूस मोठा भित्रा! वाटेतल्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, जरा पाणी वाहताना दिसले की तो गाडी थांबवायचा. सीटमागची काठी काढून पाण्यात उतरायचा, ती टेकवत पलीकडे जाऊन यायचा आणि मगच गाडी घालायचा. "ड्राइवर साब, पैदल ही चलें का?" असे म्हणून सवाऱ्या त्याची टर उडवायच्या. तो हसायचा. मला त्याचे हात फार आवडत. कोरडे आणि शांत हात होते ते.

रविवारी दुपारी जीप दारात उभी असे आणि तिच्यात वाद रंगे. जगातला सगळ्यात मोठा रेसिंग ड्रायव्हर कोण? जनार्दनपंत रेल्वेत कारकून होते. त्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या झाशीतले. स्टेशनवरच्या दुकानातून ते मोटारींची मासिके आणत आणि जिम क्लार्कचे गुण गात. लक्ष्मणराव गॅरेजवाले, तेही जुने फौजी. ते फँजिओचे भक्त. नियम एकच होता. ज्याचे हात माझ्यावर, त्यानेच बोलायचे. त्यामुळे दोघे गृहस्थ पोरांसारखे ड्रायव्हरच्या सीटसाठी ढकलाढकली करत. नामदेव चहा पीत ऐकत बसे.

एका रविवारी वाद काही मिटेना. लक्ष्मणरावांनी वैतागून नामदेवलाच माझ्यापुढे बसवले आणि ते म्हणाले, "छोड़िए जी! क्लार्क नाही अन् फँजिओ नाही. आपल्या नामदेवासारखा ड्रायव्हर दुनियेत झाला नाही!"

सगळे हसले. नामदेवही हसला. पण तो माझ्यावर हात ठेवून बसला होता, आणि त्याच्या तळव्यांना घाम सुटलेला मला कळला. त्याला कुणी असे कधी म्हटलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच एरचहून परतत होतो. रपट्यावर पाणी होते. नामदेवने गाडी थांबवली. एक हात काठीकडे गेला. मग तो मागे आला आणि माझ्यावर घट्ट बसला. नामदेव उतरला नाही.

लोकांनी नाल्यातून जीप ओढून काढली तेव्हा त्याची बोटे माझ्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

त्याच्या बायकोने, चंद्रभागाबाईंनी, मला आणि काठीला तेवढे घरी आणले. ओसरीवर पुन्हा रविवार भरू लागले. आता बोलणारा मला खुंटीवरून काढून हातात धरी. आणि वाद संपला की बाईंचा मान राखायला, दोघांपैकी कुणीतरी ते वाक्य म्हणे, "आपल्या नामदेवासारखा दुनियेत झाला नाही!"

ते वाक्य निघाले की माझ्या कडेवर दोन जागा ओल्या होत. जिथे त्याचे तळवे असत, तिथेच. लक्ष्मणराव सदऱ्याला हात पुसत आणि म्हणत, "उमस फार आहे." जेठ महिन्याच्या उन्हात झाशीत दगड तडकतात हो, तेव्हा हवेत कसला आला दमटपणा! मला माहीत होते. नामदेवला हे जग सोडून जाता येत नव्हते. दर आठवड्याला कुणीतरी त्याला मोठा करत होते, आणि मोठेपण सिद्ध करायला तो परत येत होता.

वर्षे गेली. नामदेवची मुलगी कांता मोठी झाली. हे वाक्य ऐकतच वाढलेली पोर, जीपच्या शर्यतीत उतरायला निघाली. लक्ष्मणरावांनी आपल्या गॅरेजची जीप दिली आणि हौसेने मला तिच्यावर बसवले. कांता सीटवर बसली. इंजिन सुरू झाले. जनार्दनपंत दारातून आशीर्वाद दिल्यासारखे म्हणाले, "जा बेटा! तुझ्या बाबांसारखा दुनियेत झाला नाही!"

माझी कडा ओलीचिंब झाली. घामाला नाल्याच्या गाळाचा वास होता. तिच्या हातांवर दुसरे हात येऊन बसले आणि गल्लीच्या उतारावर जीप हलू लागली.

"काका, हात छूट नहीं रहे!" कांता ओरडली. "ब्रेक लागत नाहीये! आई!"

मी जीव तोडून अडून पाहिले. लक्ष्मणराव जीपमागे धावले. तेवढ्यात चंद्रभागाबाई काठी घेऊन थेट जीपसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर मुलीवर नव्हती.

"अवो, सोडा तिला," त्या म्हणाल्या. "तुमी कुनापरीस मोठं नव्हता. भित्रं होता. काठी टेकून टेकून रोज घरी येत होता. मला तेवढं लई होतं."

जीप त्यांच्या पदराला टेकून थांबली. माझ्यावरची पकड ढिली झाली, अगदी हळू, झोपलेल्या माणसाची होते तशी. मग मला फक्त कांताचे हात जाणवले.

ती शर्यतीला गेली, पण काठी घेऊन. नाल्यापाशी उतरून तिने पाणी तपासले. लोक हसले. ती सगळ्यांत शेवटी आली आणि संध्याकाळी घरी आली. बाईंनी तिची दृष्ट काढली आणि मला पुन्हा खुंटीवर टांगले.

वाद अजून चालतो. फँजिओ म्हणा, क्लार्क म्हणा, माझी कडा कोरडी असते. ते वाक्य मात्र या घरात कुणी उच्चारत नाही. परवा एक नवे पाहुणे आले. भिंतीवरचा फोटो पाहून कौतुकाने म्हणू लागले, "पण तुमच्या नामदेवरावांसारखा..."

मित्रांनो, मला कुणी हातही लावलेला नव्हता, तरी माझ्या कडेवर एक थेंब आला. तुम्ही कधी आमच्या ओसरीवर आलात तर चहा घ्या, हवा तेवढा वाद घाला. पण हात जोडून सांगते, ते वाक्य पुरे करू नका. नामदेवला आता घरीच असू द्या.